साम्य शून्य टक्के आले तरी

समजा, तुमच्या इतिहासविषयक त्रैमासिकाकडे झाशीहून एक मराठी शोधनिबंध आला. विषय १८५८ चा झाशीचा वेढा, आधार विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास'. लेखकाने तो इलाइट चौराह्याच्या आसपास एखाद्या दुकानात टाइप करून घेतला आहे. साम्यतपासणीचा अहवाल म्हणतो, शून्य टक्के. एवढ्यावर लेख परीक्षकाकडे धाडू नका.

आधी फाइल तपासा. एक परिच्छेद कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. देवनागरीऐवजी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला, तर मजकूर कृतिदेव किंवा तसल्या जुन्या फाँटमध्ये आहे. सॉफ्टवेअर डोळ्यांना दिसणारी अक्षरे वाचत नाही, आतले संकेत वाचते. त्यामुळे शब्दन्‌शब्द उतरवलेले पानही त्याला नवेच वाटते. मजकूर युनिकोडमध्ये बदला, जोडाक्षरे हाताने सुधारा, मग पुन्हा तपासा. स्कॅन केलेल्या पानांचेही असेच: आधी ओसीआर, नंतर तपासणी. लेखकांसाठीच्या सूचनांत 'फक्त युनिकोड फाइल' ही ओळ आजच घाला, म्हणजे हा खटाटोप दर वेळी करावा लागणार नाही.

नवा अहवाल आला की आकडा बाजूला ठेवून रंगवलेल्या ओळी वाचा. संदर्भसूची, श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, कायद्याची कलमे वगळा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत सामान्य ज्ञानातले किंवा योगायोगाने जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे साम्यही वगळले आहे. त्याच विनियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, पुढे ४० आणि ६० टक्क्यांवर टप्पे आहेत. हे टप्पे संस्थेने शिक्षा ठरवण्यासाठी आहेत. संपादकाने त्यांच्या आड लपू नये, असे माझे ठाम मत आहे. निष्कर्षाचा एकच परिच्छेद उचललेला असेल तर चार टक्केही पुष्कळ झाले. आणि ३० टक्के साम्य निव्वळ अवतरणांचे असू शकते.

यापुढचे काम यंत्राला नीट जमत नाही. गोडसे भटजींचा मजकूर चिं. वि. वैद्य यांनी १९०७ साली फेरफार करून छापला. दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली मूळ हस्तलिखितावरून पाठ दिला. अमृतलाल नागर यांनी 'आँखों देखा गदर' या नावाने हिंदी अनुवाद केला, इंग्रजीतही अनुवाद झाले. आता कोणी हिंदीतला उतारा परत मराठीत आणला आणि तळटीपेत थेट पोतदारांचे पान दिले, तर शब्द कुठेच जुळणार नाहीत. म्हणून दोन्ही आवृत्त्या टेबलावर घ्या आणि लेखातली किमान पाच अवतरणे मुळाशी ताडून पाहा. पान बरोबर, पण वाक्य भलतेच, असे दिसले की थांबा. भाषाही खूण देते. 'राणीने किल्ला वाचवण्याची चेष्टा केली' असे वाक्य मराठीत विचार करणारा माणूस लिहीत नाही. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मात्र झाशीत वाढलेल्या मराठी माणसाच्या बोलण्यात हिंदी सहज मिसळते. तेव्हा एका शब्दावरून संशय घेऊ नका, सलग परिच्छेदभर तशी रचना आढळली तरच हिंदी पुस्तक उघडा.

साम्य सापडले तर तक्ता करा: डावीकडे लेखातला मजकूर, उजवीकडे मूळ, पानक्रमांकांसह. मग लेखकाला पत्र लिहा. 'चोरी' हा शब्द त्यात नको. 'आपल्या लेखाच्या चौथ्या पानावरील दोन परिच्छेद सोबतच्या पुस्तकातील मजकुराशी जुळतात. १५ दिवसांत खुलासा कळवावा,' एवढे पुरे. नवख्या विद्यार्थ्याला अवतरणचिन्हांचे नियम कोणी शिकवलेलेच नसतात, हे मी फार वेळा पाहिले आहे. श्रेय राहून गेले असेल तर त्याला सुधारून आणू द्या. मांडणीच दुसऱ्याची असेल तर लेख नाकारा आणि कारण लेखी द्या. उत्तर आले नाही तर स्मरणपत्र, मग सहलेखकांना पत्र, शेवटी त्यांच्या संस्थेच्या सचोटी समितीला तक्त्यासह कळवा. शिक्षा देणे संस्थेचे काम आहे. समितीचे उत्तर येईपर्यंत बाहेर कुणाजवळ नाव काढू नका.

लेख छापून झाल्यावर उघडकीस आले तर संकेतस्थळावरून तो गुपचूप काढून टाकू नका. १९९७ साली स्थापन झालेल्या 'कोप' या प्रकाशन-नीतीच्या संस्थेचीही हीच शिकवण आहे. लेख जागेवर राहू द्या, प्रत्येक पानावर 'मागे घेतला' असा ठळक शिक्का मारा आणि स्वतंत्र निवेदन छापा: कोणता मजकूर, कुठून घेतलेला, निर्णय कोणी केला. छापील अंकाच्या वर्गणीदारांसाठी हेच निवेदन पुढच्या अंकाच्या अनुक्रमणिकेत आले पाहिजे. आणि ज्याचा मजकूर उचलला गेला त्या लेखकाला, तो हयात नसेल तर वारसाला किंवा प्रकाशकाला, निवेदन छापण्याआधी पत्र गेले पाहिजे.