डुइलियस घराणे : एका रोमन कुळाचे नाव आणि नशीब

प्राचीन रोमचा इतिहास म्हटला की सीझर, पॉम्पी, सिसेरो, ऑगस्टस ही नावे आपल्या डोळ्यांसमोर उभी राहतात. परंतु ज्या घराण्यांनी एक-दोन कर्तबगार माणसे दिली आणि जी पुढे काळाच्या उदरात गडप झाली, अशा लहान घराण्यांचा इतिहासही तितकाच उद्बोधक आहे. डुइलियस हे असेच एक सामान्य वर्गातील, म्हणजे प्लेबियन, घराणे. त्याचा मागोवा घेण्याआधी रोमन नावांची पद्धत समजून घेणे इष्ट ठरेल.

नावांची पद्धत

रोमन पुरुषाचे नाव साधारणपणे तीन भागांचे असे. पहिले 'प्रीनोमेन', म्हणजे व्यक्तिनाम; दुसरे 'नोमेन', म्हणजे कुळाचे नाव; आणि तिसरे 'कॉग्नोमेन', म्हणजे शाखेचे वा व्यक्तीचे उपनाव. मुलाचे नाव नवव्या दिवशी आणि मुलीचे आठव्या दिवशी ठेवीत. आपल्या बाराव्या दिवसाच्या बारशाची येथे सहजच आठवण होते. अधिकृत लेखांत बापाचे व आजाचे नावही घालीत. उदाहरणार्थ, या कुळातील सर्वांत प्रसिद्ध पुरुषाची नोंद 'गायस डुइलियस, मार्कसचा पुत्र, मार्कसचा नातू' अशी आहे.

व्यक्तिनामे मात्र फारच थोडी होती. प्रजासत्ताकाच्या उत्तरकाळी नित्य वापरातील नावे वीसच्या आतच भरतात. प्रत्येक कुळ त्यांतील चार-पाच नावांवरच समाधान मानी. डुइलियस कुळात मार्कस, गायस, ग्नेयस आणि कीसो ही नावे आढळतात. पैकी कीसो हे नाव रोममध्ये मोजक्याच कुळांत चाले.

स्त्रियांच्या वाट्याला तर एवढेही येत नसे. डुइलियस कुळातील प्रत्येक मुलगी 'डुइलिया'च. बहिणी अधिक असल्या तर थोरली, धाकटी, तिसरी अशी ओळख. लग्नानंतरही ती पित्याच्या कुळाचेच नाव लावी, हा आपल्याकडील रूढीहून वेगळा भाग.

जनतेचे कैवारी

या कुळाचा पहिला ठळक उल्लेख इ. स. पू. ४७१ चा. त्या वर्षी निवडलेल्या ट्रिब्यूनांत, म्हणजे सामान्यजनांच्या प्रतिनिधींत, मार्कस डुइलियस होता. इ. स. पू. ४४९ मध्ये दहा जणांच्या जुलमी मंडळाची सत्ता उलथली, तेव्हाही मार्कस डुइलियस ट्रिब्यून होता. सूडाची लाट उसळलेली असताना, या वर्षी आणखी कोणावर खटला भरू देणार नाही, असे त्याने जाहीर केले, असे लिव्ही हा इतिहासकार सांगतो. स्वतःची व सहकाऱ्यांची फेरनिवडही त्याने होऊ दिली नाही. विशेष म्हणजे त्या उलथलेल्या मंडळातच कीसो डुइलियस नावाचा एक सभासद होता!

इ. स. पू. ३५७ मध्ये पुन्हा एक मार्कस डुइलियस ट्रिब्यून म्हणून दिसतो. त्याने व त्याच्या सहकाऱ्याने व्याजाला मर्यादा घातली : मुद्दलाचा बारावा हिस्सा, म्हणजे वर्षाचा धरल्यास सुमारे ८ टक्के. पाच वर्षांनी कर्जफेडीसाठी नेमलेल्या पाच जणांच्या समितीत गायस डुइलियस होता. इ. स. पू. ३३६ मध्ये कीसो डुइलियस कॉन्सल झाला. तीच तीच नावे पिढ्यानुपिढ्या आल्यामुळे कोण कोणाचा मुलगा हे ठरविताना अभ्यासकांची किती तारांबळ उडत असेल, याची कल्पना यावरून यावी.

मायली येथील विजय

इ. स. पू. २६० मध्ये गायस डुइलियस कॉन्सल होता. कार्थेजशी पहिले युद्ध चालू होते. त्याचा सहकारी ग्नेयस कॉर्नेलियस स्किपिओ लिपारा येथे शत्रूच्या हाती सापडला, म्हणून आरमाराची सूत्रे डुइलियसकडे आली. रोमनांना समुद्रयुद्धाचा सराव नव्हता. त्यांनी जहाजांवर 'कावळा' नावाचा फिरता पूल बसविला. त्याच्या टोकाखालचा लोखंडी सुळा शत्रूच्या जहाजात रुतला की सैनिक त्यावरून धावत जात आणि समुद्रावरच जमिनीसारखी लढाई होई. सिसिलीजवळ मायली येथे कार्थेजची सुमारे ५० जहाजे गेली. (त्यांचा सेनापती हॅनिबल हा, मात्र आल्प्स ओलांडणारा तो हॅनिबल नव्हे.) रोमचा हा पहिला आरमारी विजयोत्सव ठरला. शत्रूच्या जहाजांच्या चोची बसविलेला स्तंभ फोरममध्ये उभारण्यात आला. रात्री भोजनाहून परतताना मशाल आणि बासरीवाला बरोबर घेऊन चालण्याचा मानही डुइलियस मिरवीत असे.

कुळाचे पारडे

खरी विचार करण्यासारखी गोष्ट यापुढची आहे. कैद झालेल्या स्किपिओच्या नावामागे 'असिना', म्हणजे 'गाढवी', हे उपनाव लागलेले दिसते. तरीही तो इ. स. पू. २५४ मध्ये पुन्हा कॉन्सल झाला आणि इ. स. पू. २२१ मध्ये त्याचा मुलगाही त्या पदावर बसला. विजेता डुइलियस इ. स. पू. २५८ मध्ये सेन्सॉर झाला, इ. स. पू. २३१ मध्ये केवळ निवडणुका घेण्यासाठी त्याला डिक्टेटर नेमले. पण त्याच्यानंतर या कुळात एकही कॉन्सल झाला नाही. कॉर्नेलियस हे नाव पराभवालाही तारून नेई. डुइलियस हे नाव विजयालाही पुढच्या पिढीपर्यंत पोहोचवू शकले नाही. रोममध्ये मते माणसाला मिळत, तशीच त्याच्या कुळालाही मिळत, हेच यावरून दिसते.

कुळ गेले, तरी नाव उरले. स्तंभावरील लेखाची बादशाही काळात पुन्हा कोरलेली प्रत १५६५ मध्ये रोममध्ये सापडली. ती आज कॅपिटोलाइन संग्रहालयात आहे. इटलीच्या आरमाराने १८७६ मध्ये पाण्यात उतरविलेल्या युद्धनौकेला डुइलियसचे नाव दिले आणि २००९ मध्ये सेवेत आलेली एक विनाशिकाही तेच नाव धारण करते. ज्या नावाला आपल्या काळात कुळाचे पाठबळ नव्हते, ते शेवटी एका माणसाच्या कर्तृत्वावर टिकले. थोर घराण्यांच्या याद्या पाठ करताना आपण हेही ध्यानी ठेवावे.