निराशा फुकट मिळते



शैक्षणिक कर्जाचा अर्ज न्यायला आलेली मुले बँकेत रोज भेटतात. त्यातला एखादा कागद हातात घेण्याआधीच म्हणतो, "साहेब, आमचं कुठलं होतंय!" अर्ज अजून भरलेला नसतो, कोणी नाकारलेलाही नसतो. पण निकाल त्याने स्वतःच लावलेला असतो. ही वृत्ती मला परकी नाही. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा आमच्याही घरी हेच वाक्य रोज कानी पडे. आई मात्र मांडीवर सूप घेऊन विड्या वळायला बसे. हजार विड्या पुऱ्या होईपर्यंत ती नशिबाबद्दल बोलत नसे, आणि पुऱ्या झाल्यावर बोलण्याइतके त्राण उरत नसे.

जगात दुःख आहे, एवढेच ऐकून अनेकांनी बुद्धाचा धम्म निराशावादी ठरवला. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्धा अँड हिज धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला आहे. मला वाटते, वैद्य रोगाचे नाव सांगतो ते रडवण्यासाठी नव्हे. दुःखाला कारण आहे, म्हणूनच ते दूर करता येते. कारण न शोधता "सर्व ठीक होईल" म्हणत बसणे हीसुद्धा आशा नव्हे, तो आळसच होय.

कोणी म्हणेल, उपदेश सोपा असतो. म्हणून १९१७ चे बडोदे पाहू. अमेरिकेत व लंडनमध्ये शिकून आलेले बाबासाहेब संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना, म्हणून ते पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत उतरले. जात कळताच काठ्या घेतलेल्या पारशांच्या जमावाने त्यांना बाहेर पडायला लावले. दोन मित्रांनीही घरात घेतले नाही. मुंबईची गाडी रात्री होती. तोवर ते कामाठी बागेत बसून राहिले. ते दुःख त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे, लपवले नाही. आशावादी माणूस रडत नाही, ही समजूत येथेच सोडून द्यावी.

त्यानंतर त्यांनी काय केले, हे महत्त्वाचे. लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी त्यांना चार वर्षांची मुदत मिळाली होती. १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगारातून पैसे साठवू लागले. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले आणि त्याच वर्षी पुन्हा लंडन गाठले. साठवलेले पैसे पुरेसे नव्हते. शाहू महाराजांनी मदत केली, आणि पाच हजार रुपये कर्जाऊ दिले ते नवल भथेना यांनी. भथेना पारशी होते! बडोद्याच्या काठ्यांवरून सगळ्या समाजाची पारख केली असती, तर या मित्रापुढे कर्जाचा शब्द काढला गेला असता का? तारण काय दिले असेल, असा प्रश्न बँकेतल्या माणसाला पडतोच. १९२३ मध्ये बाबासाहेबांना लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. पदवी मिळाली.

तो अर्जवाला मुलगा परवा पुन्हा आला होता. उत्पन्नाचा दाखला तेवढा राहिला होता. तहसील कचेरीत सकाळी लवकर जा, असे मी त्याला सांगितले. त्याने वहीत वेळ लिहून घेतली.