डिझेल इंजिनाचे ऑईल : पातळ की दाट?



विहिरीवरचे इंजिन असो, भातखाचरातला पॉवर टिलर असो, की उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर असो. त्याचे आयुष्य डिझेलपेक्षा ऑईलवर अधिक अवलंबून असते. डिझेल संपले तर इंजिन बंद पडते, आपण कॅन भरून आणतो आणि काम पुढे चालू होते. ऑईल चुकले तर मात्र इंजिन त्या दिवशी बंद पडत नाही. ते चालतच राहते आणि आतल्या आत बेअरिंग, रिंगा व बोअर झिजत जातात. त्याचा परिणाम दिसतो तो ऐन हंगामात, पाण्याची पाळी चुकवून चालणार नाही अशा वेळी. कर्जाचे हप्ते फिटण्याआधीच यंत्र फिटरच्या दारात उभे राहते.

दुकानात गेल्यावर "दाट ऑईल द्या, इंजिन जुने आहे" असे सांगणारे पुष्कळ असतात. दाट तेवढे चांगले, ही समजूत किती खरी आहे आणि डब्यावरचे आकडे काय सांगतात, ते या पाठात आपण पाहू.

ऑईल नेमके काय करते?

क्रँक शाफ्ट बेअरिंगला घासून फिरतो असे आपल्याला वाटते. तसे नसते. फिरता फिरता शाफ्ट स्वतःच ऑईल आपल्याखाली ओढून घेतो आणि त्या ऑईलच्या थरावर तरंगतो. हा थर केसाहूनही कितीतरी बारीक असतो. पण तो आहे तोवर लोखंडाला लोखंड लागत नाही. थर टिकणे तीन गोष्टींवर अवलंबून असते : ऑईलचा दाटपणा, शाफ्टचा वेग आणि त्यावरचा भार. भार जास्त आणि वेग कमी असेल तर ऑईल दाट लागते. वेग जास्त असेल तर त्यामानाने पातळ ऑईलही थर धरते. म्हणूनच मिनिटाला ६५० फेऱ्या घेणाऱ्या जुन्या लिस्टर पद्धतीच्या इंजिनाला आणि २००० फेऱ्या घेणाऱ्या ट्रॅक्टरला एकच माप लावता येत नाही.

गरजेपेक्षा पातळ ऑईल घातले तर तापलेल्या इंजिनात थर फाटतो. गरजेपेक्षा दाट घातले तर सकाळी इंजिन सुरू करताना ते वरच्या भागांपर्यंत वेळेवर पोचत नाही. ते ढवळण्यात ताकद वाया जाते, डिझेल जास्त लागते आणि बेअरिंगमधून ऑईल कमी वाहत असल्याने उष्णताही नीट निघून जात नाही.

बोटांच्या चिमटीत दाटपणा कळत नाही

काकवी थंडीच्या दिवसांत बरणीतून उतरत नाही आणि चुलीजवळ ठेवली की धार धरते. ऑईलचेही तसेच आहे. साध्या ४० नंबरच्या ऑईलचा दाटपणा ४० अंश सेल्सिअसवर सुमारे १४० सेंटिस्टोक असतो. तेच ऑईल १०० अंशांवर सुमारे १४ वर येते, म्हणजे दहापट पातळ होते. बोटांत चोळून पाहताना आपण थंड ऑईलची परीक्षा करतो. काम मात्र ते तापल्यावर करते. दुकानातली ही परीक्षा म्हणून निरुपयोगी आहे.

डब्यावरचे आकडे

'एसएई' ही मोटार अभियंत्यांची अमेरिकेतील संस्था १९०५ साली स्थापन झाली आणि १९११ मध्ये तिने ऑईलचे नंबर ठरवले. पुढे त्यांत सुधारणा होत गेल्या. हे नंबर वजनाचे नाहीत, किंमतीचेही नाहीत. केवळ दाटपणाचे आहेत.

नुसता ३० किंवा ४० असा आकडा असेल तर तो तापलेल्या ऑईलचा दाटपणा सांगतो. १०० अंशांवर ३० नंबरचे ऑईल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या दरम्यान असावे लागते, ४० नंबरचे १२.५ ते १६.३ च्या दरम्यान.

'१५डब्ल्यू-४०' किंवा '२०डब्ल्यू-४०' असे दोन आकडे असतील तर ते मल्टिग्रेड ऑईल. 'डब्ल्यू' म्हणजे 'विंटर', हिवाळा. पहिला आकडा थंडीतली वागणूक सांगतो. तो जितका लहान, तितके ऑईल थंडीत मोकळे. दुसरा आकडा तापल्यावरचा. यावरून एक गोष्ट ध्यानात यावी : १५डब्ल्यू-४० हे ४० नंबरपेक्षा 'हलके' ऑईल नव्हे. इंजिन तापल्यावर दोन्ही एकाच वर्गात बसतात. फरक पहाटेच्या थंड इंजिनात पडतो.

२०डब्ल्यू ऑईलची थंडीतली परीक्षा उणे १५ अंशांवर आणि १५डब्ल्यूची उणे २० अंशांवर घेतात. बेळगाव-खानापूर भागात कडक थंडीतही पाणी गोठत नाही. ग्वाल्हेरकडे जानेवारीत पारा ५ अंशांखाली उतरतो, तरी तिथेही २०डब्ल्यू पुरते. तेव्हा आपल्याकडे खरा विचार दुसऱ्या आकड्याचा आणि त्याशेजारच्या अक्षरांचा करायचा.

अक्षरे विसरू नका

डब्यावर 'एपीआय' असे लिहून पुढे दर्जाची अक्षरे असतात. पहिले अक्षर 'सी' असेल तर ऑईल डिझेल इंजिनासाठी, 'एस' असेल तर पेट्रोलसाठी. काही डब्यांवर दोन्ही असतात. डिझेल जळताना काजळी आणि आम्ल तयार होते. त्यांना आवरणारी द्रव्ये 'सी' दर्जाच्या ऑईलमध्ये घातलेली असतात. सीएफ-४ हा दर्जा १९९० चा, सीएच-४ हा १९९८ चा, सीआय-४ हा २००२ चा आणि सीके-४ हा २०१६ चा. नवा दर्जा बहुधा जुन्या इंजिनाला चालतो. जुना दर्जा नव्या इंजिनाला चालत नाही. नंबर बरोबर आणि दर्जा चुकीचा, तर निवड चुकलीच समजा.

कोणत्या इंजिनाला कोणते?

पहिला मान इंजिनाबरोबर मिळालेल्या पुस्तिकेचा. ती हरवली असेल तर विक्रेत्याकडून त्याच मॉडेलची मागून घ्यावी. तोवर पुढील दिशा धरावी :

१. मंदगती, एका सिलिंडरचे विहिरीवरचे इंजिन : ३० किंवा ४० नंबर, उन्हाळ्यात सलग चालवायचे असेल तर ४०. २०डब्ल्यू-४० सुद्धा चालते. ज्या जुन्या इंजिनाला ऑईल फिल्टर नाही, त्याचे ऑईल लवकर बदलावे.

२. हवेने थंड होणारे छोटे इंजिन : हे अधिक तापते, म्हणून ४० किंवा २०डब्ल्यू-४०. पंखे आणि फटींतला कचरा साफ नसेल तर कोणतेही ऑईल त्याला वाचवणार नाही.

३. साधा ट्रॅक्टर : पुस्तिकेप्रमाणे २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४०.

४. टर्बो असलेला ट्रॅक्टर : बहुधा १५डब्ल्यू-४०, दर्जा सीआय-४ किंवा त्यापुढचा.

५. धुराची काजळी गाळणारा फिल्टर बसवलेले नवे इंजिन : याला कमी राख धरणारे ऑईलच हवे, जसे सीके-४. इथे अंदाज चालत नाही.

गिअर बॉक्सच्या ऑईलवर ९० नंबर असतो, म्हणून ते इंजिन ऑईलच्या दुप्पट दाट आहे असे समजू नये. त्या नंबरांची मोजणीच वेगळी आहे. ९० चे गिअर ऑईल तापल्यावर साधारण ४० ते ५० नंबरच्या इंजिन ऑईलइतके दाट असते. पण त्यातील द्रव्ये वेगळी असतात. ते इंजिनात कधीही घालू नये.

जुन्या इंजिनाला दाट ऑईल?

झिजलेल्या इंजिनात ५० नंबर घातले की निळसर धूर कमी होतो आणि ऑईल प्रेशरचा काटा वर चढतो. मालकाला बरे वाटते. पण काटा दाब दाखवतो, बेअरिंगमधून किती ऑईल वाहते ते दाखवत नाही. दाट ऑईल पुढे सरकायला अडते, म्हणून दाब वाढतो. झिजलेली रिंग त्याने भरून येत नाही. हंगाम संपेपर्यंत वेळ मारून नेण्यापुरता हा उपाय ठीक. त्यानंतर इंजिन उघडलेच पाहिजे.

ऑईल काळे झाले म्हणजे खराब झाले, असेही नाही. चांगले ऑईल काजळी स्वतःत धरून ठेवते, म्हणून डिझेल इंजिनात ते लवकर काळे होते. भिण्यासारख्या खुणा दुसऱ्या आहेत. ऑईल ताकासारखे पांढरट झाले तर त्यात पाणी आले. न घालता पातळी वाढली आणि डिझेलचा वास आला तर नॉझल किंवा पंप गळतो आहे. अशा वेळी ऑईल पातळ होते आणि डब्यावरचा नंबर उरतच नाही. इंजिन लगेच बंद करून फिटरला दाखवावे.

महिने नव्हे, तास मोजा

अनेक ट्रॅक्टरांच्या पुस्तिकेत २५० तासांनी ऑईल बदलायला सांगितलेले असते. छोट्या इंजिनांना बहुधा त्याआधीच. रोज ८ तास चालणारे इंजिन ३१ दिवसांत २४८ तास पुरे करते. "सहा महिने तर झाले नाहीत" हा हिशेब इथे फसतो. इंजिनघराच्या भिंतीवर एक वही टांगून रोजचे तास लिहावेत, असे आम्ही सुचवतो. फिल्टरही ऑईलबरोबरच बदलावा, आणि ऑईल सीलबंद डब्यातलेच घ्यावे.

आरोग्यासाठी एक सूचना

जळके ऑईल बैलाच्या खांद्याला, जनावरांच्या जखमेला किंवा गोचिडांवर लावण्याची रीत काही ठिकाणी आहे. ती सोडावी. वापरलेल्या ऑईलमध्ये कर्करोगाला कारण होणारी द्रव्ये असतात आणि ती कातडीतून शरीरात जातात. काम झाल्यावर हात डिझेलने न धुता साबणाने धुवावेत. जळके ऑईल विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नये. झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत गोळा करणाऱ्याकडे द्यावे.

थोडक्यात

पुस्तिका पाहा. दुसरा आकडा आणि 'सी' ची अक्षरे जुळवा. तासांची वही ठेवा. काटा, रंग आणि बोटांची चिमूट यांवर भिस्त ठेवू नका. एवढे सांभाळले तर इंजिन ऐन पाळीच्या दिवशी दगा देण्याचा धोका पुष्कळ कमी होईल.