छायाचित्रकाराची टिपणवही

व्यापारी बंधूंनो, दहीहंडीच्या दिवशी ठाण्याच्या टेंभी नाक्यावर वृत्तपत्राचा छायाचित्रकार पाहा. कॅमेऱ्यावर प्लॅस्टिकची पिशवी, लेन्सपुरते तोंड उघडे. सकाळी कुठे मोर्चा, दुपारी हंडी, संध्याकाळी कल्याण-डोंबिवलीत तुंबलेले रस्ते. त्याची रोजी एकाच दिवसात तिन्हीकडे. एसी खोलीतून दमट हवेत आला की लेन्सवर वाफ धरते, म्हणून थोडा वेळ तो कॅमेरा बॅगेतच ठेवतो. घरी सिलिका जेलच्या डब्यात, नाहीतर बुरशी. (आपल्या ताग्यांचीही तीच दुश्मन!)

पण मला मोलाची वाटते ती त्याची टिपणवही. प्रत्येक चित्राची जागा, वेळ, नावे तिथल्या तिथे लिहिलेली.

२६ जुलै २००५ च्या पुरात कल्याणला माझ्या गोदामात पाणी शिरले. मी घाईघाईने चिखल धुतला, कुजके तागे फेकले आणि मग विमा कंपनीकडे गेलो. सर्व्हेअरने विचारले, "पाणी कुठवर चढले होते?" भिंतीवरची खूणही आम्हीच पुसलेली! निम्म्याहून कमी रक्कम हाती आली.

आता दरवर्षी मे अखेरीस प्रत्येक रॅकचा फोटो तारखेसह काढून मुलाकडे पाठवतो. स्टॉकची वही माळ्यावर असते.