पेटीतला जुना ठेवा विकावा कधी आणि कसा

मौद्याकडच्या एका गावाहून एक भाऊ आमच्याकडे आले. आमच्या रात्रीच्या वर्गातच ते वाचायला शिकले. वय साठीच्या पुढचे. काखेत पत्र्याची पेटी होती. पेटी त्यांनी खाली ठेवली आणि म्हणाले, "गुरुजी, हे विकून देता का जी? मले आजच सहा हजार पायजे."

आम्ही पेटी उघडली. आत वर्तमानपत्राच्या घड्या होत्या. घड्यांत काडेपेटीचे छाप. वाघाचा, जहाजाचा, घोड्याचा, कमळाचा. लहानपणी पोरे असे छाप जमवीत. जास्तीचे छाप एकमेकांत बदलून घेत. दुर्मिळ छापाच्या बदल्यात पाच-दहा साधे छाप द्यावे लागत. जमिनीवर रिंगण आखून त्यात छाप ठेवायचे आणि दगडाने ते बाहेर उडवायचे, असा खेळही होता. वाचकांपैकी कित्येक जण तो खेळले असतील.

या भाऊंचे बालपण नागपुरात गेले. वडील एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. ही गिरणी 1877 साली सुरू झाली. आता ती बंद पडली आहे. पूर्वी गिरण्या कापडाच्या ताग्यावर रंगीत चित्राचा कागद चिकटवीत. तसले दहा-बारा कागद पेटीत निघाले. एका वहीत पोस्टाची तिकिटे खळीने चिकटवलेली होती. काही जुनी पोस्टकार्डे होती. तळाशी एका फडक्यात सात नाणी बांधलेली होती. ती त्यांच्या आईची.

आम्ही विचारले, "सहा हजार आजच कशाला हवेत?"

मग हकिगत निघाली. मुलीला नर्सच्या शिक्षणाला घालायचे आहे. फी भरायची आहे. अशात पुतण्याने मोबाईलवर एक जाहिरात दाखवली. पाच रुपयांच्या ज्या जुन्या नोटेवर ट्रॅक्टरचे चित्र आहे, ती नोट पाच लाखांना घेऊ, असे त्यात लिहिले होते. भाऊंच्या घरात तशी नोट होती. त्यांनी फोन लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. म्हणाला, आम्ही रिझर्व्ह बँकेचे. तुमची नोट पास झाली. नोंदणीचे दीड हजार पाठवा. भाऊंनी पाठवले. दुसऱ्या दिवशी म्हणाला, आता कराचे सहा हजार पाठवा, संध्याकाळी पाच लाख खात्यात पडतील.

"त्यानं कागद पाठवला जी. त्यावर बँकेचा शिक्का हाय," भाऊ म्हणाले.

तेव्हा आम्ही आधी पेटी बंद केली. विकायचे काय ते नंतर पाहू. आधी हे सहा हजार थांबवले पाहिजेत.

ही गोष्ट एकट्या या भाऊंची नाही. कितीतरी लोक असे फसले. म्हणून 4 ऑगस्ट 2021 रोजी रिझर्व्ह बँकेला जाहीर पत्रक काढावे लागले. जुन्या नोटा आणि नाणी यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही. त्यासाठी कोणतेही शुल्क वा दलाली ती मागत नाही. तसे करण्याचा अधिकारही तिने कोणाला दिलेला नाही. असे त्या पत्रकात स्पष्ट म्हटले आहे. बँकेचे नाव आणि शिक्का कागदावर छापणे आज कोणालाही जमते.

आणि जरा हिशेबाने पाहा. ट्रॅक्टरच्या नोटा फार मोठ्या संख्येने छापल्या गेल्या. त्या अजून चलनात आहेत. बाजारात पाच रुपयांना चालणारी नोट कोणी पाच लाखांना का घेईल? वैष्णोदेवीचे चित्र असलेल्या नाण्याची आणि 786 आकड्याच्या नोटेची जाहिरातही अशाच जातीची. नोटेवरच्या आकड्याचा शौक असणारा एखादा असतो. तो चार पैसे जास्त देईलही. पण घेणारा पैसे देतो. घेणाराच जर आधी पैसे मागू लागला, तर तिथेच ओळखावे.

आम्ही भाऊंना घेऊन 1930 या क्रमांकावर फोन लावला. मोबाईलवरून झालेल्या पैशाच्या फसवणुकीची तक्रार तिथे घेतात. जितक्या लवकर फोन कराल तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त. भाऊंना चार दिवस होऊन गेले होते.

मग दुसऱ्या दिवशी पेटी पुन्हा उघडली.

नाण्यांपासून सुरुवात केली. सातांपैकी सहा रुपये चांदीचे होते. दोन राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे. दोन पाचव्या जॉर्ज राजाचे. दोनांवर 1944 साल होते. जुन्या रुपयाचे वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. पण सगळ्या रुपयांत चांदी सारखी नाही. 1939 पर्यंतच्या रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. म्हणजे सुमारे 10.7 ग्रॅम. पुढे लढाईच्या काळात चांदी महागली. 1940 ते 1945 या सालांच्या रुपयांत सरकारने निम्मीच चांदी घातली. म्हणजे सुमारे 5.8 ग्रॅम. 1947 सालच्या रुपयात तर चांदी मुळीच नाही. तो निकेलचा आहे. त्याच्या मागे वाघ आहे. लोहचुंबक लावला तर निकेलचा रुपया चिकटतो. चांदीचा चिकटत नाही.

हिशेबाला सोपे म्हणून चांदीचा भाव ग्रॅमला 100 रुपये धरू. मग राणीछाप रुपयात सुमारे 1070 रुपयांची चांदी झाली. 1944 च्या रुपयात सुमारे 580 रुपयांची. खरा भाव रोज बदलतो. तो वर्तमानपत्रात येतो. आपण शिकलो ते अशाच वेळी कामी येते. दुकानात शिरण्याआधी त्या दिवशीचा भाव वाचून कागदावर लिहून न्यावा.

ही झाली वजनाची किंमत. संग्रह करणारा शौकीन याहून जास्त देतो. पण केव्हा? नाणे दुर्मिळ असेल आणि चांगले राखलेले असेल तेव्हा. उदाहरणार्थ 1911 सालचा पाचव्या जॉर्जचा रुपया. राजाच्या झग्यावर हत्तीचे चिन्ह होते. ते इतके बारीक निघाले की लोकांना ते डुक्कर वाटले. लोक चिडले. सरकारने ते रुपये परत घेतले आणि 1912 पासून चित्र सुधारले. जे थोडे बाहेर राहिले त्यांना शौकीन चांगली किंमत देतात. 1939 सालचा रुपयाही दुर्मिळ आहे. अशा सालांची नक्कल करणारेही आहेत. म्हणून जाणत्याला दाखवल्याशिवाय हुरळून जाऊ नये.

भाऊंचे दोन्ही राणीछाप रुपये आईच्या गळ्यातल्या माळेतले होते. त्यांना नाके डाग देऊन बसवलेले होते. नाके निघाले तरी डाग राहतोच. अशा नाण्याला शौकीन हात लावत नाही. ते वजनावरच जायचे. पाचव्या जॉर्जचे दोन मात्र स्वच्छ होते. भाऊंच्या घरधनीण सोबत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "चिंच लावून घासून आणू का? चमकतील." आम्ही त्यांना थांबवले. भांडे घासले की किमती दिसते. नाण्याचे उलटे आहे. घासल्याने त्याची झीज होते. वर्षानुवर्षांची जी काळसर झाक नाण्यावर चढते, ती शौकिनाला हवी असते. चिंच, राख, लिंबू, काहीही लावू नये.

सातवे नाणे तांब्याचे होते. त्यावर राम, लक्ष्मण, सीता आणि मारुती. मागे ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि 1818 साल. भाऊंना याच नाण्याची सर्वांत जास्त आशा होती. कोणी त्यांना सांगितले होते की हे तांदूळ ओढते, त्याला कोटी मिळतात. आम्हाला सांगताना वाईट वाटले, पण सांगितले. कंपनीने असे नाणे कधी पाडलेच नाही. हे देवळाबाहेर विकले जाणारे टोकन आहे. देवघरात ठेवायला चांगले. तांदूळ ओढणाऱ्या धातूच्या नावाने तर शेते विकून पैसे देणारे लोक निघाले आहेत. त्या वाटेला जाऊच नये.

कोणाच्या घरी जाड, ओबडधोबड, फारशी अक्षरांचा रुपया असतो. तो भोसल्यांच्या काळचाही असू शकेल. 1853 साली तिसरे रघूजी भोसले वारले आणि इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले. तसले नाणे चांदीच्या भावाने देऊ नये. आधी चौकशी करावी. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये मध्यवर्ती संग्रहालय आहे. लोक त्याला अजब बंगला म्हणतात. ते 1863 पासूनचे आहे. जुनी नाणी कशी असतात ते तिथल्या माणसांकडून समजून घेता येते. शंभर वर्षांहून जुने नाणे देशाबाहेर पाठवायला 1972 च्या कायद्याने बंदी आहे. आणि नांगरताना शेतात नाण्यांचा गाडगा सापडला, तर तो आपला म्हणून विकता येत नाही. किंमत दहा रुपयांहून जास्त असली की कलेक्टरला लेखी कळवावे लागते. कायदा 1878 चा आहे, पण आजही लागू आहे.

तिकिटांचे थोडक्यात सांगतो. भाऊंच्या वहीत बहुतेक तिकिटे भारताच्या नकाशाची होती. 1957 साली नवे पैसे आले तेव्हाची. ती चिक्कार छापली गेली. त्यांना किंमत नाहीसारखीच. स्वातंत्र्यानंतर 15 ऑगस्ट 1948 रोजी गांधीजींची चार तिकिटे निघाली. त्यांतले दहा रुपयांचे तिकीट चांगल्या स्थितीत असेल तर त्याला मान आहे. ते या वहीत नव्हते. पोस्टकार्डे मात्र बरी निघाली. मामाची पत्रे. त्यांवर मोहोर चांद्याची, म्हणजे आजच्या चंद्रपूरची. अशा पत्रावरचे तिकीट कापून काढू नये. तिकीट, मोहोर आणि पत्र एकत्र असले तरच शौकीन विचारतो. वहीत चिकटलेले वापरलेले तिकीट ओढू नये. साध्या पाण्यात भिजू द्यावे, आपोआप सुटते. पण मागे मूळचा डिंक असलेले कोरे तिकीट पाण्यात घालू नये. डिंक गेला की किंमत गेली.

आता छाप. खरे बोलायचे तर काडेपेटीच्या छापांना घेणारे थोडे. एकेक विकू म्हणाल तर जन्म जाईल. गिरणीच्या कागदांना मात्र आमच्या मते जास्त गिऱ्हाईक आहे. गिरण्या गेल्या, कागद फाडून फेकले गेले. जे उरले ते उरले. कसर आणि ओल यांपासून ते सांभाळले पाहिजेत. पावसाळ्यात पत्र्याच्या पेटीत दमटपणा धरतो.

मग विकावे केव्हा? भाऊंना आम्ही सांगितले, चांदीचा भाव चढा असेल आणि गरज असेल तेव्हा वजनावर जाणारी नाणी विकावी. त्यांत थांबून शौकिनाकडून जास्त मिळायचे नाही. बाकीच्याला घाई करू नये. नागपूरसारख्या शहरात अधूनमधून नाण्या-तिकिटांची प्रदर्शने भरतात. तिथे पाच-दहा व्यापारी एका छपराखाली भेटतात. एकाने किंमत कमी सांगितली की दुसऱ्याला विचारता येते. "आजच द्या, उद्या भाव नाही," असे जो म्हणेल त्याला उद्याच भेटावे.

आम्ही सगळ्याची यादी केली. भाऊंनी स्वतःच्या हाताने लिहिली. किती, कोणते, कोणत्या सालचे. पुतण्याने मोबाईलवर फोटो काढले. मग इतवारीत सराफ ओळीत गेलो. पहिल्या दुकानदाराने नाणी हातात घेतली आणि वजन न करताच म्हणाला, "जुनी काळी चांदी, घट फार जाईल." आणि एक आकडा सांगितला. भाऊंनी खिशातून कागद काढला. "भाऊ, राणीछापात दहा पूर्णांक सात ग्रॅम चांदी असते ना? आज भाव हा आहे. घट किती धरली ते मांडून दाखवा." दुकानदार त्यांच्याकडे पाहतच राहिला. आकडा वाढला. तरी भाऊ उठले. दुसऱ्या दुकानात काट्यावर वजन झाले, समोर हिशेब मांडला गेला, पहिल्यापेक्षा बरा भाव मिळाला. दोन राणीछाप आणि 1944 चे दोन, असे चार रुपये दिले. पावती घेतली.

त्यातून फी पूर्ण भागली नाही. पहिला हप्ता भागला. उरलेल्यासाठी कॉलेजात शिष्यवृत्तीचा अर्ज केला आहे.

पाचव्या जॉर्जचे दोन रुपये बाईंनी विकू दिले नाहीत. "लक्ष्मीपूजनाला काय ठेवू मग?" म्हणाल्या. ते बरोबरच होते. गिरणीचे कागद कोऱ्या कागदांच्या घडीत घालून कपाटात ठेवले आहेत. प्रदर्शन भरले की दोघे-तिघे व्यापाऱ्यांना दाखवायचे ठरले आहे. लिलावातही माल देता येतो, पण तिथली दलाली विक्री झाल्यावर आलेल्या पैशातून कापतात. हे भाऊंनी दोनदा विचारून घेतले.

काडेपेटीचे छाप ते परत घेऊन गेले. गेलेल्या दीड हजारांचा अजून पत्ता नाही. तक्रारीचा क्रमांक त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.