जीवशास्त्रात करिअर करायचंय? गणित सोडू नका

अकरावीला पीसीबी घेतलं की घरात एकच विषय: नीट. डॉक्टर व्हायचं असेल तर ते ठीकच. पण पेशी, जनुकं, किडे, जंगल यांचंच वेड असेल, तर पहिली गोष्ट कळकळीनं सांगते: गणित सोडू नका.

आयसर, म्हणजे संशोधनासोबत विज्ञान शिकवणाऱ्या राष्ट्रीय संस्था. त्यांची प्रवेश परीक्षा बघा. 60 प्रश्न, भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणिताचे प्रत्येकी 15. बारावीला गणित नसलं तरी परीक्षेला बसता येतं, पण ते 15 प्रश्न समोर येतातच. पुढे जनुकक्रम ताडून बघायला किंवा बिबटे मोजायलाही संख्याशास्त्रच लागतं. गणित सुटलं असेल, तर बालभारतीची पुस्तकं आणा आणि संभाव्यतेपासून घरीच सुरुवात करा.

पुण्याच्या आयसरला किंवा दुसऱ्या एखाद्या आयसरला नंबर लागला नाही, तर बीएस्सी करा. कॉलेज निवडताना तिथल्या मुलांना एवढंच विचारा: प्रॅक्टिकल स्वतःच्या हातानं करायला मिळतं, की नुसतं बघायचं?

दुसऱ्या वर्षापासून सुट्टी प्रयोगशाळेत घालवा. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप देतात. शिवाय आघारकर संशोधन संस्था, पेशींवर काम करणारी एनसीसीएस, खारघरचं कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक अशा ठिकाणच्या संशोधकांना थेट ईमेल करा. ‘मला संशोधनाची आवड आहे’ असं लिहिणारी शेकडो मुलं असतात. तुम्ही त्यांचा एक शोधनिबंध वाचा, त्यातली कोणती आकृती कळली नाही आणि का, ते चार ओळींत लिहा. उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदा आठवण करा, मग पुढच्या प्रयोगशाळेकडे वळा. अशी वीस-पंचवीस पत्रं लिहावी लागली तरी खचू नका.

रानात काम करायचं असेल, तर आजपासून वही ठेवा: तारीख, वेळ, जागा, काय दिसलं. मुंबईची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) 1883 पासून निसर्गाच्या नोंदी करतेय. तिच्या शिबिरांना जा.

पुढच्या प्रवेश परीक्षा अशा: एमएस्सीसाठी जॅम, पीएचडीसाठी सीएसआयआर-नेट किंवा गेट. एमएस्सीनंतर औषध आणि लस कंपन्यांत गुणवत्ता तपासणीची कामं मिळतात. पीएचडीला मात्र पाच-सहा वर्षं लागतात. जेआरएफ, म्हणजे पीएचडीच्या सुरुवातीची फेलोशिप, मिळाली तर 2023 पासून दरमहा 37,000 रुपये आणि वर घरभाडं, पण नेटसारखी परीक्षा पास झाल्यावरच. ही वर्षं आणि हा आकडा आई-बाबांना आत्ताच, बारावीच्या निकालाआधी, समोर बसून सांगा.