घरच्या संगणकावर ‘आर’ : प्रक्षेत्र चाचणीच्या विश्लेषणाची पूर्वतयारी

प्रक्षेत्रावरील किंवा शेतकऱ्यांच्या शेतावरील चाचण्यांमधून दर हंगामात मोठ्या प्रमाणावर आकडेवारी जमा होते. तिच्यावरून काढावयाचा निष्कर्ष मात्र पुष्कळदा केवळ सरासरीवर बेतलेला असतो. एका वाणाची सरासरी दुसऱ्यापेक्षा दोन क्विंटलने अधिक दिसली, की तो वाण सरस ठरविला जातो. हा फरक वाणामुळे पडला की जमिनीच्या चढउतारामुळे, याचे उत्तर सरासरी देत नाही. त्यासाठी संख्याशास्त्रीय विश्लेषण आवश्यक ठरते. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांनी कृषी कार्यकर्त्यांसाठी लिहिलेला व भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने प्रकाशित केलेला ग्रंथ ज्या काळात वापरात आला, तेव्हा ही आकडेमोड हाताने करावी लागे. आज तेच काम घरच्या साध्या संगणकावर काही क्षणांत होऊ शकते. अट एवढीच, की संगणकावरील मांडणी प्रथम नीट झालेली असावी.

‘आर’ म्हणजे काय?

‘आर’ ही संख्याशास्त्रीय कामासाठी घडविलेली संगणकीय भाषा आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकात तिचा आरंभ केला. तिची १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी प्रसिद्ध झाली. ती विनामूल्य असून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींवर चालते. एकदा स्थापित केल्यावर दैनंदिन विश्लेषणासाठी इंटरनेटची गरज राहत नाही. ग्रामीण भागातील कार्यकर्त्यांच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे.

नवशिक्याचा पहिला गोंधळ ‘आर’ आणि ‘आरस्टुडिओ’ या दोन नावांमुळे होतो. ‘आर’ हे प्रत्यक्ष गणित करणारे इंजिन होय. ‘आरस्टुडिओ’ ही त्या इंजिनावर बसविलेली चालकाची केबिन होय. इंजिनाविना केबिन निरुपयोगी असल्याने प्रथम ‘आर’ व त्यानंतरच ‘आरस्टुडिओ’ स्थापित करावा. दैनंदिन काम मात्र ‘आरस्टुडिओ’ उघडूनच करावे.

स्थापनेचा क्रम

१. ‘क्रॅन’ या अधिकृत संग्रहातून आपल्या प्रणालीसाठीची ‘आर’ची ताजी आवृत्ती उतरवून घ्यावी. विंडोजवर ‘बेस’ हा पर्याय निवडावा. ४.२.० पासूनच्या आवृत्त्या विंडोजवर केवळ ६४-बिट प्रणालीवर चालतात, हे जुना संगणक वापरणाऱ्यांनी आधी तपासावे.

२. स्थापनेच्या वेळी विचारले जाणारे पर्याय आहेत तसेच स्वीकारावेत. ‘आरटूल्स’ नावाचे स्वतंत्र साधन आरंभी आवश्यक नसते.

३. त्यानंतर ‘आरस्टुडिओ’ची विनामूल्य डेस्कटॉप आवृत्ती स्थापित करावी.

४. कामासाठी स्वतंत्र फोल्डर करावा. त्याचे नाव इंग्रजी अक्षरांत, लहान व मोकळी जागा न सोडता ठेवावे. ‘आरस्टुडिओ’मधील ‘न्यू प्रोजेक्ट’ या पर्यायाने तो फोल्डर प्रकल्प म्हणून नोंदवावा. एका चाचणीला एक प्रकल्प, हा शिरस्ता पाळल्यास ‘फाइल सापडत नाही’ ही नेहमीची तक्रार बहुतांशी उद्भवत नाही.

५. ‘ग्लोबल ऑप्शन्स’मध्ये, बंद करताना कामाची स्मृती जतन करण्याचा पर्याय ‘नेव्हर’ असा ठेवावा. अन्यथा गेल्या हंगामाची आकडेवारी स्मृतीत शिल्लक राहते आणि नव्या विश्लेषणात नकळत मिसळू शकते.

आज्ञा थेट ‘कन्सोल’मध्ये लिहिण्याऐवजी ‘स्क्रिप्ट’ फाइलमध्ये लिहाव्यात व तेथून ‘कंट्रोल’ आणि ‘एंटर’ या कळांनी चालवाव्यात. स्क्रिप्ट ही विश्लेषणाची प्रक्षेत्र नोंदवहीच होय. पुढील वर्षी तीच स्क्रिप्ट नव्या आकडेवारीवर चालविता येते आणि निष्कर्ष कसा काढला हे दुसऱ्यास पडताळून पाहता येते.

मांडणीची कसोटी

स्थापना झाली एवढ्यावर समाधान न मानता ती ज्ञात उत्तराच्या उदाहरणावर तपासावी. ‘आर’सोबतच काही नमुना आकडेवारी येते. त्यांपैकी ‘प्लांटग्रोथ’ या संचात नियंत्रण व दोन उपचार अशा तीन गटांतील ३० रोपांची वाळलेली वजने आहेत. खालील आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहावी :

समरी(एओव्ही(वेट ~ ग्रुप, डेटा = प्लांटग्रोथ))

यातील ‘प्लांटग्रोथ’ या शब्दातील पी आणि जी ही अक्षरे मोठी, बाकी सर्व छोटी असावीत. ‘आर’ छोट्या-मोठ्या अक्षरांत भेद करते. नागमोडी रेघेचे चिन्ह बहुतेक कळफलकांवर ‘टॅब’च्या वरच्या कळीवर असते, येथे त्याचा अर्थ ‘डावीकडील मापन उजवीकडील गटांनुसार तपासावे’ असा होतो. उत्तरात गटांच्या स्वातंत्र्य मात्रा २, त्रुटीच्या २७, एफ मूल्य ४.८४६ आणि पी मूल्य ०.०१५९ असे आकडे आल्यास मांडणी योग्य झाली असे समजावे. तिन्ही गटांच्या सरासऱ्या अनुक्रमे ५.०३२, ४.६६१ आणि ५.५२६ अशा आहेत.

आज्ञा चालविल्यावर उत्तराऐवजी अधिकचे चिन्ह दिसू लागल्यास कंस किंवा अवतरणचिन्ह बंद करावयाचे राहिले आहे, असे ओळखावे. ‘एस्केप’ कळ दाबून आज्ञा दुरुस्त करावी. ‘एरर’ म्हणजे काम थांबले. ‘वॉर्निंग’ म्हणजे काम झाले, परंतु उत्तर तपासून घ्यावे.

आपली आकडेवारी आणताना

एका प्लॉटला एक ओळ, हा मूलभूत नियम होय. गट, उपचार आणि उत्पादन असे तीन स्तंभ साध्या चाचणीस पुरेसे असतात. शीर्षके इंग्रजी अक्षरांत, एकशब्दी असावीत. पेशी एकत्र जोडणे, रंगांनी अर्थ दर्शविणे, तळाशी बेरीज किंवा सरासरीची ओळ देणे हे टाळावे. ज्या प्लॉटचे उत्पादन नोंदले गेले नाही, ती पेशी रिकामी ठेवावी. तेथे शून्य लिहिल्यास तो प्लॉट पूर्ण वाया गेला, असा अर्थ गणितात घेतला जातो.

मराठीत नोंदी ठेवणाऱ्यांनी दोन बाबींकडे विशेष लक्ष द्यावे. पहिली, उत्पादनाचे आकडे देवनागरी अंकांत भरल्यास ‘आर’ त्यांना संख्या न मानता मजकूर मानते. म्हणून संख्या इंग्रजी अंकांतच भराव्यात. दुसरी, गावांची वा वाणांची नावे देवनागरीत ठेवावयाची असल्यास फाइल ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ या प्रकारात जतन करावी. ४.२.० या आवृत्तीपासून अद्ययावत विंडोजवर ‘आर’ हीच अक्षरपद्धती मूळ म्हणून वापरते. त्याआधीच्या आवृत्त्यांत देवनागरी अक्षरांऐवजी अनेकदा सांकेतिक खुणा दिसत.

उपचार क्रमांकांचा धोका

नवशिक्याचे सर्वांत मोठे नुकसान करणारी चूक कोणतीही सूचना न देता घडते. उपचारांना १, २, ३, ४, ५ असे क्रमांक दिलेले असतात. संगणकाच्या दृष्टीने त्या संख्याच असल्याने पाचवा उपचार पहिल्याच्या पाचपट आहे असे गृहीत धरून तो सरळ रेषेचा संबंध शोधतो. उत्तर येते, तक्ता नेहमीसारखा दिसतो, परंतु निष्कर्ष निराधार असतो. त्यावरून चुकीच्या वाणाची वा खतमात्रेची शिफारस झाल्यास त्याची किंमत शेतकऱ्याला संपूर्ण हंगामभर मोजावी लागते.

ही चूक स्वातंत्र्य मात्रांच्या स्तंभात ओळखता येते. पाच उपचार आणि चार गट असलेल्या यादृच्छिक गट आराखड्यात २० प्लॉट असतात. त्यात उपचारांच्या स्वातंत्र्य मात्रा ४, गटांच्या ३, त्रुटीच्या १२ आणि एकूण १९ यावयास हव्यात. उपचारांपुढे ४ ऐवजी १ दिसल्यास विश्लेषण तेथेच थांबवावे. ‘फॅक्टर’ या आज्ञेने तो स्तंभ वर्गनाम म्हणून घोषित करावा आणि गणित पुन्हा करावे. उपचारांना आरंभीच टी१, टी२ अशी अक्षरयुक्त नावे दिल्यास हा धोका मुळातच टळतो. गटांच्या क्रमांकांनाही हेच लागू आहे.

सरावासाठी ‘आर’मधील ‘एनपीके’ हा संच उपयुक्त आहे. वाटाण्यावरील नत्र, स्फुरद व पालाश यांच्या या जुन्या प्रयोगात ६ गटांत मिळून २४ प्लॉट असून उत्पादन पौंडांत दिले आहे. गट व तिन्ही अन्नद्रव्ये यांचे साधे विश्लेषण केल्यास गटांच्या स्वातंत्र्य मात्रा ५, प्रत्येक अन्नद्रव्याची १ आणि त्रुटीच्या १५ येतात. नत्र दिलेल्या प्लॉटचे सरासरी उत्पादन न दिलेल्यांपेक्षा सुमारे ५.६ पौंडांनी अधिक असून त्याचे पी मूल्य सुमारे ०.००४ येते. यानंतर गटांचा स्तंभ मुद्दाम संख्येत रूपांतरित करून पाहावा. गटांच्या स्वातंत्र्य मात्रा ५ वरून १ वर येतात आणि त्रुटीच्या १५ वरून १९ होतात. हा बदल एकदा स्वतः पाहिला, की आपल्या तक्त्यातील तीच चूक पुढे सहज ओळखता येते.

पुढील पाऊल

विशिष्ट कामांसाठी ‘पॅकेज’ नावाचे पूरक संच मिळतात. एक्सेलची फाइल थेट वाचण्यासाठी ‘रीडएक्सएल’ आणि कृषी प्रयोगांच्या आराखड्यांसाठी व सरासऱ्यांच्या तुलनेसाठी ‘अॅग्रिकोले’ हे त्यांपैकी दोन होत. पॅकेजची स्थापना एकदाच करावयाची असते व तेवढ्यापुरते इंटरनेट लागते. ‘लायब्ररी’ ही आज्ञा मात्र प्रत्येक नव्या बैठकीत द्यावी लागते.

विश्लेषण येऊ लागले तरी चाचणीचा आराखडा पेरणीपूर्वीच ठरवावा लागतो; पुनरावृत्ती न घेतलेल्या चाचणीतील उणीव कोणतीही संगणकीय भाषा भरून काढू शकत नाही. विस्तार कार्यकर्त्यांनी येत्या हंगामापूर्वी उपरोक्त दोन्ही नमुना संचांवर सराव करावा. स्वतःच्या आकडेवारीवरील पहिल्या विश्लेषणाची स्क्रिप्ट, मूळ फाइल व उत्तराचा तक्ता हे तिन्ही नजीकच्या कृषी विद्यापीठातील किंवा कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांकडून तपासून घ्यावेत आणि त्यानंतरच शेतकऱ्यांना शिफारस करावी.